नावं ठेवण्याचं काम

मरोळला, सुक्या मासळीच्या बाजारामागच्या इमारतीत
पाचव्या मजल्यावर
मला नावं ठेवण्याचा पगार मिळतो.

मावशीला वाटतं, मी लायब्ररीत असते.
तसं खोटं नाही.
या लायब्रऱ्यांत पुस्तकं नसतात इतकंच.
कुणीतरी रात्री जागून लिहिलेला कोड असतो,
दुसरा कुणी तो उचलून आपल्या भिंतीत चिणतो
आणि भिंत कलली की बोलतो.
ते बोलणं सुटं करून माझ्याकडे येतं.
चांगलं, वाईट, ना धड हे ना ते.
आणि पुढे: कशाबद्दल?
वेग, सुरक्षा, की समजावून सांगण्याची पद्धत.

मॉडेल आलं ते शिकूनसवरूनच आलं.
शौनक म्हणाला, यानं अर्ध्या जगाचा मजकूर वाचलाय,
आपण फक्त या घरच्या चालीरीती सांगायच्या.
एल्विना म्हणाली, म्हणजे सून.
दोन हजार वाक्यांत सून तयार.

पहिल्या दिवशी:
‘तारखांच्या लायब्ररीनं मार्च अखेरीस चांगलेच दिवे लावले.’
चांगलं, म्हणालं मॉडेल. खात्री चौऱ्याण्णव टक्के.
‘नव्या आवृत्तीला कोपरापासून नमस्कार.’
चांगलं.
‘इतकी वर्षं वापरतोय, नावं ठेवायला जागा नाही.’
वाईट.
बिचारं. जागा नाही म्हटल्यावर
त्याला वाटलं असेल, कुणाची तरी गैरसोय झाली.

दुपारी आम्ही खाली उतरतो, एल्विनाला जवळा हवा असतो.
एक म्हातारी बोंबील चिमटीत धरून म्हणत होती,
हे काय बोंबील? नुसती हाडं.
मागच्या खेपेचे निदान तोंडात घालण्यासारखे तरी होते.
मी एल्विनाला म्हटलं, वाईट. दर्जाबद्दल.
ती म्हणाली, थांब.
विकणारीनं मान वर केली नाही,
‘हाडं’ ऐकताच तिनं दोन किलोचं वजन पारड्यात टाकलं होतं.
म्हातारीनं पैसे मोजले. वर म्हणाली,
बुधवारचे पण ठेव.

हे मी कुठल्या रकान्यात शिकवू?

मग ते वाक्य आलं, तीनशे बाराव्या नंबरचं.
‘सहा वर्षं हिच्यावरच उभा आहे.
लिहिणारा हल्ली उत्तर देत नाही.
बदलायला हवी. बदलवत नाही.’
मॉडेल: वाईट, एक्कावन्न.
एल्विना: चांगलं. शौनक: मधलं.
मी तासभर काहीच नाही.
नियम असा, की एकमत झालं नाही तर वाक्य गाळायचं.
गाळलेल्यांची एक फाईल आहे, तिला कुणी नाव ठेवलेलं नाही.
कधी कधी डबा खाताना मी ती उघडून वाचते.
कामापेक्षा तिथे माणसं जास्त आहेत.

दुसऱ्या फेरीनंतर मॉडेल सुधारलं.
आता दिवे लावले, उजेड पाडला,
नमस्कार, साष्टांग, धन्य,
सगळ्यांतला खवचटपणा त्याला लांबून कळतो.
शौनकनं पेढे आणले.
मावशीनं ऐकून विचारलं,
म्हणजे आता ते आमच्या जाऊबाईंसारखं झालं का?

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं वाक्य.
भांडुपच्या कुण्या पोरानं टीमला कळवलेलं,
जिन्यातल्या बटणांसाठी काहीतरी करत होता तो:
‘ही लायब्ररी घातली आणि पहिल्याच फटक्यात
हिनं सातही मजल्यांचे दिवे लावले.’

वाईट, म्हणालं मॉडेल. खात्री सत्त्याण्णव.

मी खुर्ची मागे घेऊन हसले,
एल्विनाला बोलवायला वळले तर ती निघून गेलेली.
खालून बाजार आवरल्याचे आवाज, पाटीवर पाटी.
मी रकाना बदलला, कशाबद्दल पुढे ‘काम’ असं भरलं,
आणि मशीन बंद करायच्या आधी
ते वाक्य आणखी एकदा वाचलं.
भांडुपला कुठेतरी, सात मजले,
खरंच उजेड पडला होता.