गाडीत काही बदल?

साकवाच्या कठड्याला टेकलं की रेंजच्या दोन काड्या येतात.
तिसरी भरतीच्या वेळी येते असं मठकर म्हणतो, त्याचं सोडा.
मी उभी. हातात पॉलिसी, काखेत हॉस्पिटलची फाईल,
कानात सतारीचा एकच तुकडा, सातव्यांदा.

मठकर आमचा एजंट. आधी त्यालाच विचारलं होतं.
"काकी, विचारल्यानी तर सांगा.
नाय विचारल्यानी तर आपण कित्याक सांगूचा?"

आणि मी एकतीस वर्षं वेंगुर्ल्याच्या पोस्टात
खिडकीतून लोकांचे फॉर्म परत केले.
हा रकाना रिकामा का?
वारस मयत असेल तर मयत लिहा,
"सध्या मुंबईत" लिहू नका.

"नमस्कार, मी ऋजुता बोलतेय."
आवाज विशीतला. नाव, जन्मतारीख, गाडीचा नंबर झाला,
मग तिनं समोरचं वाचून विचारलं,
"गाडीत कंपनीव्यतिरिक्त काही बसवलंय का?
गॅस किट, जादा दिवे, बदललेला एखादा भाग?"

गाडीत नाही, म्हटलं. माझ्यात.

पलीकडे गप्प.
खाली ओहोळात एक खेकडा दगडाआड सरकला.

डावा गुडघा. कोल्हापूरला, गणपती गेले त्या आठवड्यात.
धातूचा आहे, मध्ये प्लास्टिकची चकती.
फाईलमध्ये त्याचा स्टिकर आहे, नंबर वाचू का?
चॅसीच्या नंबराहून दोन आकडे लांब आहे.

"मॅडम, होल्ड करता?"

पुन्हा सतार.
मला मोचेमाडची चढण दिसायला लागली,
दोन वर्षांपूर्वीची, जुन्या गुडघ्याची.
पुढे एसटी थांबली म्हणून मी थांबले.
सुटताना पाय मध्येच आखडला, क्लच झटक्यात सुटला,
गाडी बंद, आणि मागे, मागे, मागे.
द्वारका केळुसकरणीची पाटी रस्त्याकडेला उतरवलेली,
ती चाकाखाली. एकशे दहा बांगडे.
द्वारका पाटीपासून दोन हातांवर, चुंबळ झटकत उभी.
दोन हात.

पैसे दिले. तिनं मोजून घेतले,
वर एक शिवी दिली, ती मी ठेवून घेतली.
घरी सांगितलं, मांजर आडवं आलं.
विम्याला काहीच नाही. पाटीचा क्लेम कोण करतं?
सांगायचं होतं ते खरं तर तेव्हा.
आज हा पाय गावातल्या कुठल्याही पायापेक्षा सरळ आहे
आणि आज मी फाईल घेऊन साकवावर.

"मॅडम, सर विचारतायत, गाडी चालवायला हरकत नाही
असं डॉक्टरांचं पत्र आहे का?"
आहे. सही, शिक्का, सगळं.
"मग ते मेल करा, मी नोंद करून ठेवते. हप्ता तोच."
नंबर दिला, मी फाईलच्या पाठीवर लिहून घेतला.
फोन ठेवेल वाटलं. ठेवला नाही.
"माझ्या आईलाही सांगितलंय करायला. खूप दुखतं का हो?"

जिना उतरताना दुखतं, म्हटलं. चढताना कमी.
आणि पहिले बारा दिवस सगळ्यांचा राग येतो.
तिला तो येऊ द्या.

हे संभाषण गुणवत्तेसाठी ध्वनिमुद्रित होत होतं.

तिठ्यावर द्वारका उभी होती. हल्ली तीच हात दाखवते.
डिकीत पाटी, पाटीवर ओलं गोणपाट, पुढे ती.
"इतको वेळ कोणाक फोन?"
विम्याला. गुडघ्याचं कळवलं.

ती खिडकीची काच खाली करत राहिली.
मग म्हणाली, "आणि माझ्या बांगड्यांचा?
ता सांगलंस?"

नाही, म्हटलं.
क्लच दाबला.
पाय तळापर्यंत गेला.