पंचवीस

बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
चार मशिनं आहेत आमची, चार घरची.
बांगडा बँकेने मोडीत काढलेला,
सुरमई नवी, अंगावरचं प्लास्टिकही न सोललेली,
तारली कॉलेजातून उसनी, दर जूनला परत मागतात,
आणि मोरी,
जड, म्हातारी, सावंतवाडीच्या छापखान्यातून आलेली,
वेगळ्याच हाडापेराची.
नावं इनासने मार्करने लिहिली
आणि मग तो मस्कतला गेला.

चौघांनी मिळून उद्याच्या लाटा मोजायच्या,
निवतीपासून रेडीपर्यंत.
समुद्राचे चार वाटे घालायचे
आणि बांधावर उभं राहून
शेजाऱ्याला विचारायचं, तुझ्याकडे पाणी किती.
सोमवारपासून विचारतायत.

हाक मारली तर सगळे ओ देतात.
एकेकट्याला काम दिलं तर मान खाली घालून करतात.
एकत्र बसवले की गप्प.
पडद्यावर तीच ओळ, जोडणी नाकारली.
कोणी नाकारली, ते नाही.

केबल बदलली. स्विचमागची पाल हाकलली.
फायरवॉल पाडली, किल्ल्या पुन्हा वाटल्या,
चौघांना एकाच आवृत्तीवर आणलं, त्यात एक रात्र गेली.
खारी हवा खाऊन हिरवे पडलेले पिन
खोडरबराने घासले.

बुधवारी रात्री तीनला दार वाजलं.
कोण?
मी.
मी कोण?
अगो, मी!
जयवंत कुबल, खालचा रखवालदार.
जन्मात स्वतःचं नाव सांगणार नाही दारावर.
कडीवर हात ठेवून मी तशीच थांबले.

तारलीची यादी उघडली, कोण कुठे राहतो त्याची.
स्वतःच्या नावापुढे तिने लिहिलेलं,
इथेच, माझ्यापाशी.
मशीन बसवताना आपोआप पडते ती ओळ, दोष कुणाचा नाही.
पण बांगड्याने पत्ता विचारला की ती म्हणणार, इथेच,
आणि बांगडा ते इथे स्वतःच्या घरात शोधणार,
आपल्याच दारावर थापा मारत
आतून कोणी का उघडत नाही म्हणून ताटकळणार.

एक ओळ खोडली. खरा पत्ता घातला.
चौघांचे पंखे एकदम घुमले.
कुबल एवढा वेळ बाहेरच. त्याला आत घेतलं.
"काय सांगतत?"
रेडीसमोर लाट, शून्य.
"दर्या गप आसा," मी म्हटलं,
आणि खाली धक्क्यावर पाणी आपटलं.
कुबल काही बोलला नाही. बिडी काढली, परत खिशात घातली.

मोरीच्या वाट्याचा सगळा समुद्र सपाट.
अडीच मीटर तिच्याकडून निघतात
आणि बांध ओलांडेपर्यंत शून्याला टेकतात.
आकडा ती थोरल्या टोकाने हातात देते,
बाकी तिघं धाकट्या टोकाने धरतात.

आपण तरी काय करतो?
पंचवीस लिहिताना दोन आधी,
बोलताना पाच.
लिलावात कुबलची बायको ओरडते सत्तावीस,
मडगावचा व्यापारी म्हणतो ट्वेंटी सेव्हन,
मध्ये वही घेतलेला पोर
झोपेत असला की बहात्तर लिहून मोकळा.
पण पोर असतो तरी तिथे.
आमच्या बांधावर कोणीच नव्हतं.

पहाटेपर्यंत मी तो पोर लिहिला. अकरा ओळींचा.
मोरीकडून येणारं उलटायचं,
तिच्याकडे जाणारं उलटायचं,
बाकी कशात तोंड घालायचं नाही.
दोनदा चुकला. एकदा त्याने वेळही उलटी केली.

पावणेपाचला खरे आकडे आले.
मी खडू घेऊन खाली पळाले.
तीन होड्या दोर न सोडता उभ्या होत्या,
माझी वाट कोणीच पाहत नव्हतं.
फळा दमट. तरी लिहिलं.
रेडी, २.६ मीटर.

कुबलने डोळे बारीक केले.
"सव्वीस?
मगे कारखानोच बुडतलो."

मी टिंब जाड केलं.