वजन

भांडुपच्या पंपिंग स्टेशनमागे, पहाटे,
जाळ्यातून सोडवलेला धोबी
इनास कापडी पिशवीत घालून काट्याला टांगतो.
एकोणीस ग्रॅम.

डोळ्याच्या कडेला तिळाएवढी,
टम्म फुगलेली गोचीड.
मुंडी आत न तुटू देता
चिमट्याने हळू ओढायची.
वाटेत कुठल्या गवतात चढली,
त्याआधी कोणाचं रक्त प्यायली,
ते पुण्याची लॅब सांगेल.
सांगितलं तर.

पुन्हा टांगला. एकोणीसच.
काट्याच्या लेखी ती आलीच नव्हती.

पायात वाळा घालून सोडला,
तर शेपूट नाचवत गेला थेट
पलीकडच्या तबेल्यात,
म्हशींच्या पायांत.

इनास कुपीला बूच लावतो,
तारीख लिहितो,
मग पँट वर करून
स्वतःची पोटरी बघतो.

मीही.