वळते

सिव्हिलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे
माझी खोली. एक स्टूल, एक मशीन,
आणि दिवसभर माझंच ओरडणं:
घ्या घ्या घ्या, पूर्ण घ्या,
आता सोडा, जोरात, सोडा सोडा सोडा, अजून, अजून,
थांबू नका काका, सहा सेकंद फक्त.
सहा सेकंद म्हणजे काय ते
या स्टुलावर बसल्याशिवाय कळत नाही.

पडद्यावर डोंगर उमटतो.
धडधाकट माणसाचा चामर लेण्यांच्या टेकडीसारखा,
ताठ चढण, मग शेतापर्यंत सरळ उतार.
धुराच्या माणसाचा उतार मधेच खचतो,
खडीसाठी कोरून नेलेल्या कड्यासारखा.
नाव वाचायच्या आधी मी डोंगर वाचते.

मंगळवारी सिन्नरहून मल्लेशम बोद्दुल आले.
वय सत्तावन्न, बेचाळीस वर्षं बिडी.
खिशातली माचिस स्वतःहून टेबलावर ठेवली,
मशीन बिघडेल म्हणून.
तीनदा फुंकलं. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं.
अर्ध्याहून थोडा कमी.
मी लिहून घेतलं.

दाराशी बाकावर त्यांची बायको, अंबूबाई.
मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी, जुने कागद,
आणि खोकला.
पाहुण्यांसमोर रडकं लेकरू पदराआड घ्यावं
तसा तिनं तो घेतला होता.
पुढचा पेशंट यायचा होता. म्हटलं, मावशी, तुम्ही पण फुंका.
ओढता का, असं फॉर्मवर विचारावं लागतं.
ती हसली. न्हाई बाई. मी वळते.

फॉर्मवर वळण्याला चौकट नाही.
हो आणि नाही, दोनच.
मी नाहीवर खूण केली.

मशीन तयार होईतो ती सांगत राहिली:
नवव्या वर्षापासून मांडीवर सूप,
भिजवलेली पानं, पत्र्याच्या मापानं कातरलेली,
चिमूटभर जर्दा, एक पीळ, लाल दोरा,
टोक नखानं आत.
दिवसाला हजार. बाळंतपणातसुद्धा सहाशे.
खिडकी लावूनच बसायचं,
वारा आला की जर्दा उडतो.
आन् ठेकेदार छाटायचा त्या,
वाकड्या, सैल,
त्या ह्यांनी ओढल्या.
इकत आणायला पैसा कुठं होता?

म्हटलं, घ्या घ्या घ्या.
तिनं घेतला. होता तेवढा.
सोडा म्हटलं
तर दोन सेकंदांत संपला.
पडद्यावर डोंगर आलाच नाही,
बांध आला. पावसानं बसलेला, गुडघ्याएवढा.
मी नळी बदलली, पुन्हा घेतलं,
मशीन बंद करून सुरू केलं.
तोच बांध.

मल्लेशम वाकून पडदा बघत होते.
हिचा माझ्यापेक्षा कमी?
त्या आवाजात काय होतं, मला नाही सांगता येणार.
चुकून पहिला आलेल्या पोरासारखे
ते इकडेतिकडे बघू लागले.
अंबूबाईंनी विचारलं, मंग किती पडले मला?
पस्तीसला पास ना?

इथं ऐंशीला पास असतं.
मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.

दोघांचे कागद एकत्रच दिले.
ती बोलत होती, यष्टी कधी हाय, ऊन किती झालं,
आणि हात आपले आपण चालू:
कागद एकीकडून निमुळता, दुसरीकडून रुंद,
घट्ट गुंडाळला,
तोंडाशी नखानं टोक आत दाबलं,
मग बोटं सवयीनं
दोरा शोधू लागली.

व्हरांड्यात चौथ्या खांबाशी दोघं थांबले.
पिशवी त्यांनी तिच्याकडून घेतली.
माचिस माझ्या टेबलावरच राहिली होती.
हाक मारावी का, असं मनात आलं,
तोवर स्टुलावर कुणीतरी बसलं होतं.