पत्ता जसाच्या तसा

डंडीत, तागाच्या जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथं पूर्वी गोणपाटाची सुतं ताणलेली असायची
तिथं आता आमची टेबलं आहेत.
खिडकीतून टे नदी दिसते. म्हणजे, धुकं नसेल तेव्हा.

आज धुकं आहे, आणि इनिसनं लिहिलेला कोड आहे.

खेळ साधा: एक बेट, एक दीपगृह,
दीपगृहाचा रखवालदार, त्याची होडी.
रखवालदाराला होडी ठाऊक, होडीला रखवालदार.
सेव्ह करताना इनिसनं दोघांना फाइलमध्ये लिहिलं
आणि त्यांच्यामधला पॉइंटरही लिहिला,
मेमरीत होता तसाच्या तसा:
सात, एफ, पुढं दहा अंक.

अकरा महिने चाललं.
चाललं, कारण आमच्या यंत्रांवर
मेमरी रोज त्याच जागी बिऱ्हाड मांडायची.
आम्हीच तिला सांगितलं होतं, हलू नकोस,
चुका शोधायला सोपं पडतं.
बाहेर ती दर खेपेला नव्या ठिकाणी उतरते.

काल पर्थहून चाचणीवाल्या बाईंनी फाइल धाडली.
उघडली. क्रॅश नाही, काही नाही.
क्रॅश झाली असती तर बरं होतं.
रखवालदार धक्क्यावर आला, वाकला,
दोर धरायला हात पुढं केला
आणि हातात आला
सीगलच्या ओरडण्याचा मधलाच तुकडा.
मी असते तर टाकून पळाले असते.
तो वल्हवायला लागला.

इनिस तेवीस वर्षांचा, आर्ब्रोथचा, कान लाल झालेले.
म्हणाला, पण मी पत्ता बरोबर लिहिला होता.
लिहिला होतास, बाबा. पत्त्याला काय झालंय?
घर हललं.

माझ्या हिलटाउनच्या दारात अजून
मिसेस पेट्रींची पत्रं पडतात, चष्मेवाल्याची,
दातांच्या दवाखान्याची. मी वर लिहिते 'इथे राहत नाहीत'
आणि लाल पेटीत परत टाकते.
कुठं राहतात ते मला माहीत नाही.
पेटीलाही नसणार.

आमच्या गावी घरांना नंबर नव्हतेच.
वडील पाकिटावर लिहायचे:
पिठाच्या चक्कीपासून तिसरं दार, पाणंदीच्या अंगाला.
पुढं गाव धरणात गेलं, वर माळावर पुन्हा बसलं.
चक्की सोबत नेली होती.
तिसरं दार तिसरंच राहिलं, पत्रं येत राहिली.
इनिसला हे सांगितलं.
तो म्हणाला, म्हणजे ऑफसेट.
म्हटलं, हो. पाणंद तेवढी पाण्याखाली राहिली.

मग दुपारभर बसलो.
आधी सगळ्यांना नुसते क्रमांक दिले.
रखवालदार चार, होडी नऊ.
एकदा भेटलेल्याला पुन्हा लिहायचं नाही,
नाहीतर तो तिच्याकडे बोट दाखवणार, ती त्याच्याकडे,
आणि डिस्क भरेपर्यंत दोघं थांबायचे नाहीत.
वाचताना उलट: आधी सगळे उभे करायचे,
कोणी कोणाचं नसलेले,
आणि शेवटचा उभा राहिला की मगच
चारच्या हातात नऊ द्यायची.
मधल्या त्या क्षणी
बेटावर सगळेच परके असतात.
मी डिबगर तिथंच थांबवून ठेवला,
जरा जास्तच वेळ.
काही सापडलं का, इनिसनं विचारलं.
नाही, म्हटलं, चालू दे.

सहाला पुन्हा लोड केलं. दोर हातात आला. होडी सुटली.
धक्क्यावर कुत्रा तेवढा राहिला.
त्याचा मालक नोंदवायचा राहून गेला होता,
फाइलमध्ये त्या जागी शून्य.
शून्य निदान खोटा पत्ता सांगत नाही.
कुत्रा बसून होता, कोणाकडेच न बघता.
शेपटी मात्र हलत होती, ते ॲनिमेशन वेगळं असतं.

याचं आता करायचं की सोमवारी, इनिस म्हणाला.
नदीवरचा पूल दिसायला लागला होता, अर्धा.
मी कोट चढवला.
मग काढला.