मऊ

लिएपायात, जिथून ट्रामचा शेवटचा थांबा दिसतो
त्या खिडकीशी बसून
मी एकतीस वर्षं लोकांचे दात केले.
बंदरातल्या वेल्डरांचे, शाळामास्तरणींचे, एका पाद्र्याचे.
मेणात दात बसवायचे, गुलाबी हिरडी ओतायची,
आणि माणूस ‘स’ नीट म्हणेपर्यंत
घासत राहायचं.

माझ्याच स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागे
एक चोच वाढत होती.
ती मला दिसली नाही.

पोगा. आमच्या भाषेत बटण.
झेंटाने ते घरी आणलं तेव्हा साधारण तेवढंच होतं,
कोटाच्या खिशात बसलेलं.
ताश्कंदहून येणाऱ्या गाडीवरच्या माणसाकडून,
दोन जोडी नायलॉन मोज्यांच्या बदल्यात.
मोजे माझ्या आईचे होते, हे पुढे अनेक वर्षं निघत राहिलं.

मागच्या हिवाळ्यात झेंटाला गिळवेना.
मी भोपळा शिजवायचो, गाजर, दुधातला पाव,
काट्याने कुस्करून, वर गाळून.
उरलेलं बशीत, बशी जमिनीवर.
एका पातेल्यात दोघांचं.
दोघंही सावकाश खायची.
मला ते सोपं जायचं.

ज्यानं चोच दिली तो चारा देतो, म्हणतात.
चोच दिली खरी.
चारा मी दिला.

ती गेल्यावर पाचव्या आठवड्यात
मी कोबीचं पान पुढे धरलं
आणि पोगा ते तोंडाने नुसतं ढकलत गेलं,
टेबलाच्या पायापर्यंत.
तेव्हा वाकून पाहिलं.
वरची चोच खालच्या जबड्यावरून उतरून
उजवीकडे वळलेली, आकड्यासारखी.
तोंड मिटत नव्हतं.
फटीत काहीतरी ओलं, पिवळट.
आणि वास.
तो वास मला कुणी सांगायला नको.
महिनोन्‌महिने न काढलेल्या कवळीखालचा.

खणात माझी छोटी मोटर आहे,
दगडी चाकं, हिऱ्याची टोकं.
हात अजून थरथरत नाहीत.
दिवा ओढला, चष्मा लावला.
पोगाने डोकं आत घेतलं.
मी वाट पाहिली.
वाट पाहण्यात कासवाला हरवलेला
माणूस अजून जन्मायचाय.

मग बुटाचा खोका, गरम पाण्याची बाटली,
आणि ट्राममध्ये मांडीवर खोका घेऊन मी.

डॉक्टर दागनियाने जबड्यामागे दोन बोटं अशी ठेवली
की डोकं बाहेरच राहिलं.
“बरं केलंत, घरी हात नाही लावलात.
आत जिवंत असतं. रक्त असतं.”
मला, दातांच्या माणसाला, हे सांगत होती.
मी मान हलवली.
कापसाच्या काडीवर पनीरच्या चुऱ्यासारखं आलं
आणि खाली लाल, सुजलेलं.
“खातं काय?”
“मऊ,” मी म्हटलं.
तिने वर पाहिलं.
माझ्या बोटात दोन अंगठ्या होत्या, एक करंगळीत.
मग तिने चाक सुरू केलं.

पांढरी पूड उडाली. जळलेल्या नखाचा वास.
माझ्या तळव्यात पोगाचा गळा
आत-बाहेर, आत-बाहेर.

दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन.
दिवा, खरा, उन्हासारखा.
पक्ष्यांच्या दुकानातून माकुलीचं हाड.
डँडेलियन, देठासकट.
“आणि बशी नको. दगडावर वाढा.”

झेंटाची शेवटची कवळी मी चार वेळा घासली होती.
हिरड्या रोज आटत होत्या, मी रोज पुन्हा बसवत होतो.
पाचव्या वेळी तिने माझं मनगट धरलं.
राहू दे, इंदुलिस.
ती अजून पेल्यात आहे. पाणी मी बदलतो.
का, ते विचारू नका.

छपराचं जुनं कौल आणलंय, बाल्कनीत ठेवलंय.
त्यावर पोगा आज बराच वेळ नुसतं उभं होतं,
पान समोर, तोंड उघडं,
जणू तोंड कशासाठी असतं ते आठवत होतं.
पहिला घास हुकला. दुसराही.
तिसऱ्याला देठ तुटला.
कट्.
एवढासा आवाज.
मी आत जाऊन आणखी पानं धुतली,
भोपळ्याच्या त्याच पातेल्यात.