तीन बोटं

फाल्गुनात आली ती, हिसाए नावाची,
सत्तरीची, गुडघ्याला पट्टा बांधलेली,
भंडाऱ्याहून काळीपिवळीत बसून मोहखेडीला,
मांडीवर कुणाची तरी कोंबडी घेऊन.
टेकडीखालचे पळस लालभडक झाले होते.
त्यांच्यासमोर तिनं चपला काढल्या.
आमच्याकडे पळसासमोर कुणी चपला काढत नाही.

मी स्तूपाची रोजंदार.
म्हणजे उरलेल्या विटांची:
कमरेइतका गोल चौथरा, दंडाची रक्कम लिहिलेली पाटी,
एक खराटा, एक रजिस्टर.
डोमाजी खाली शेळ्या चारतो. म्हणतो,
"अथी का पाहाले येतेत लोकं? विटाच तं हायेत."

तिच्याजवळ घड्याघड्यांची वही होती,
उघडली की लांबच लांब होणारी.
पानोपानी एकेका देवळाचा लाल शिक्का,
वर काळ्या शाईची अक्षरं, आत्ताच काढल्यासारखी ओली.
सोबतचा नागपूरचा पोरगा मोबाईलमध्ये बघून म्हणाला,
"त्या म्हणतात, शिक्का द्या."

शिक्का साहेबांकडे. साहेब नागपुरात.
माझ्याकडे हजेरीचा शाईचा डबा,
अंगठेवाल्यांसाठीचा. मी दहावी पास,
जन्मात कुठे अंगठा दिला नाही.
आईनं दिले तेवढे पुरेत दोघींना.

मग आठवली उत्तरेच्या बाजूची, खालून चौथी वीट.
तिच्यावर तीन बोटं ओढलेली आहेत,
माती ओली असताना, भट्टीत जायच्या आधी.
वीट थापणाऱ्याची खूण, साहेब सांगतात.
थापणारीची का नाही, ते सांगत नाहीत.
माझी बोटं त्या खाचांत बरोबर बसतात.

तीन बोटं डब्यात बुडवली,
तिच्या कोऱ्या पानावर वरून खाली ओढली.

ती कमरेतून वाकली. मीही वाकले.
आधी कुणी उठायचं ते दोघींनाही ठरवता येईना.

जाताना कॅलेंडर दिलं, मागच्या वर्षीचं.
तारखा संपलेल्या. चित्रं मी आता वापरते आहे.

चैत्राच्या पानावर पांढरी-गुलाबी झाडं,
खाली चटया टाकून माणसं वर बघत बसलेली.
आमचीही माणसं झाडाखालीच, मोहाच्या,
पहाटे तीनला, बॅटरीच्या उजेडात, खाली बघत.
टोपलं भरायच्या आत ऊन येतं
आणि फुलं सुकून हलकी होतात.

श्रावणात नुसती शेवाळाची बाग.
"आई, हे तर आपल्या मोरीतलं," पोरगी म्हणाली.
एक म्हातारा शेवाळावर पडलेलं एकच पान
बोटांच्या चिमटीत उचलतोय, बाळाच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसं.
त्याच आठवड्यात नागपूरचं पत्र:
विटांवरील शेवाळ तातडीने खरवडून काढणे.
काढलं. एक वीट सोडून.

कार्तिकात लाल पानं, पाण्यातही लाल.
इथे सागाचं पान पडतं तर
पापड मोडल्यासारखा आवाज होतो.

पौषात दगडी दिव्याच्या डोक्यावर बर्फ.
बर्फ मी पाहिलाय तो मासळीच्या पेटीतला.
बांधीत लाखोळीला निळी फुलं येतात तेव्हा
धुक्यात टेकडी दिसत नाही,
पायांना माहीत असतं म्हणून वर पोचते.

शेवटच्या पानावर झाड नाही, पाणी नाही.
पांढरी खडी, आणि दंताळ्यानं ओढलेल्या लाटा.
हे एकच चित्र मला कुणी समजावून सांगायला नको होतं.
चौदा वर्षं मी तेच करते आहे,
फक्त मागे वळून पाहिलं नव्हतं.

आज पाहिलं.
चौथऱ्याभोवती खराट्याच्या रेघा,
गोल, एकात एक.
उलट्या पावली झाडत फाटकापाशी आले,
माझं पाऊल कुठेच उरलं नव्हतं.

"का झालं व बाई?" डोमाजी बाहेर उभा.
"काही नाही. थोडा थांब."
तो थांबला, काठी आडवी धरून.
शेळ्या त्याच्या काठीखालून आत गेल्या
आणि रेघांवर दोन-दोन फाकांचे शिक्के
उमटवत निघाल्या, थेट उत्तरेकडे.

खराटा हातात होता.
दुपारपर्यंत उचलला नाही.